उसना हुंदका

"त्या गाण्यात तुम्ही खरंच रडला होतात, की रडल्याचं सोंग होतं?"

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला होता. सोंगाचं शेपूट भोंगाने स्वतःच्या हिमतीवर जोडलं. शाळेच्या वार्षिक समारंभाला गायक पाहुणा म्हणून आला होता आणि सभागृह खच्चून भरलं होतं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी माइक पुढे केला तेव्हा चिमणीने, म्हणजे भोंगाच्या सगळ्यात बारक्या आणि सगळ्यात आगाऊ मैत्रिणीने, कोपरखळी मारून तिला उभंच केलं. हीच भोंगा आधी हजेरीला "हजर" म्हणताना बाकाखाली शिरायची. आता तिने माइक तोंडापासून चार बोटं लांब धरला, कारण जवळ धरला की "प" आणि "फ" फटफटतात हे तिला ठाऊक होतं, आणि मग प्रश्न टाकला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा आंबला. गायक मात्र जराही बिचकला नाही.

ते गाणं न ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि त्या शांततेत एक हुंदका येतो. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशावर लोक जीव टाकत. गाडी चालवणारे तिथे आवाज वाढवत, म्हाताऱ्या मान हलवत, आणि चिमणी तर ते गाणं लावताना हातरुमाल शेजारी घेऊनच बसे.

"बाळ," गायक म्हणाला, "ज्या दिवशी ते गाणं ध्वनिमुद्रित झालं, त्या पहाटे माझे वडील गेले. मी दवाखान्यातून थेट माइकसमोर उभा राहिलो. तो हुंदका मी दिला नाही. तो माझ्यातून निघाला."

मग त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून डोळ्याला लावला. भोंगा तिसऱ्या रांगेत होती. रुमाल कोरडा गेला आणि कोरडाच परत आला, हे तिला दिसलं, पण त्या वेळी तिने ते मनावर घेतलं नाही. सभागृहात नाकं ओढायचे आवाज सुरू झाले होते. मेलेल्या बापावरून आपण पैज लावली, या विचाराने तिलाच कानकोंडं झालं. ती खाली बसली, आणि चिमणीने डोळे पुसत पुसत तिच्या मांडीला चिमटा काढला.

तरी लाजेच्या तळाशी थोडी फुशारकी होतीच. कारण ते गाणं तिच्या काकाच्या स्टुडिओत झालं होतं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याचा स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात रबराचा वास आणि वर ओलसर गालिच्याचा. भिंतींवर करड्या स्पंजच्या लाद्या, त्यांच्या खाचांत कितीतरी वर्षांची धूळ. मधे जाड काच. काचेच्या अलीकडे काकाचं यंत्रांनी भरलेलं टेबल आणि पलीकडे गाणाऱ्याची खोली. खोली कसली, उभं कपाटच ते. हेडफोनच्या गाद्यांची कातडी सोलून निघाली होती आणि आजवर तिथे गायलेल्या सगळ्या डोक्यांचं तेल त्यांत मुरलं होतं. भोंगा ते घालायच्या आधी रुमालाने पुसायची, आणि तो रुमाल धुवायला टाकताना चिमटीत धरायची. पण घालायची. त्या तेलकट गाद्यांच्या आत जे होतं, त्यासाठी तिने याहून घाण काही घातलं असतं.

"भोंगा" हे नावही काकाचंच. ती सात वर्षांची असताना त्याने तिला मुलांच्या टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या दोन ओळी गायला नेलं होतं. गाणं झालं, आणि त्या कपाटाएवढ्या खोलीच्या दाराचं हँडल अडकलं. त्यात आतला दिवा गेला. तिने असा गळा काढला म्हणे की खालचा टायरवाला वर धावत आला. काकाने स्क्रूड्रायव्हर शोधून दार खोललं तेव्हा शेंबडाने आणि आसवांनी माखलेलं हे ध्यान बाहेर पडलं. घरात चार माणसं जमली की काका ही गोष्ट सांगायचा. दोन्ही पात्रं स्वतः करायचा. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. भोंगाही हसायची. नाव चिकटलं ते चिकटलंच.

ऐकायला मात्र तिला काकानेच शिकवलं, यात वाद नाही. गाणं ऐकू नकोस, असं तो सांगायचा. गाणं सगळं जग ऐकतं. तू एकाच गोष्टीचा पदर धर आणि गाणं संपेपर्यंत सोडू नकोस. मग ती कधी नुसता ढोल धरून बसायची, कधी मागच्या कोरसमधली एकच बाई. हेडफोन उलटे घालून कुठलं वाद्य कुठल्या कानाशी बसवलंय ते पाहायची. आवाजाची शेपटी किती लांब राहते त्यावरून खोली केवढी आहे ते ओळखायची. मग ती खोली खरी की यंत्रातून लावलेली, हेही. काका टेबलावरच्या एका गोल बटणावर बोट ठेवून म्हणायचा, हे गेन. हे फिरवलं की माइक जास्त कान देऊन ऐकतो, आणि मग गाणाऱ्याबरोबर खोलीची फसफसही, म्हणजे तिच्या शांततेतली बारीक सळसळही, वर येते. फसफस कधी खोटं बोलत नाही. भोंगाने ते असं पाठ केलं होतं की परीक्षेतलं एकही उत्तर तिला तसं पाठ नव्हतं.

आणि परीक्षा तोंडावर आली होती. शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे काय, यावरून घरात बरेच दिवस धुसफूस चालली होती. आईचं म्हणणं, पोरीने पगार मिळेल असं काहीतरी शिकावं. बाबांचं म्हणणं, आई म्हणते तेच. भोंगाचं म्हणणं, काकाच्या स्टुडिओत मदतनीस व्हायचं, त्याच्या हाताखाली सगळं शिकायचं आणि एक दिवस त्या टेबलामागच्या खुर्चीत बसायचं. गावात तेवढा एकच स्टुडिओ, आणि तो घरचा. काकाने तिची बाजू अशी लावून धरली की आई शेवटी विरघळली. समारंभानंतर तर बाबाच म्हणाले की एवढ्या लोकांसमोर पोरगी उभी राहून बोलते म्हणजे काहीतरी दम आहे. रविवारी काका जेवायला येणार होता आणि सगळं पक्कं होणार होतं. भोंगाला त्या आठवड्यात जमिनीवरून चालणं जडच जात होतं.

काकाने तिला एक काम दिलं. कुठलंही गाणं घे, त्यातली एक जागा निवड, आणि ती कशी बनवली ते मला सांग. तिने अर्थातच हुंदका निवडला.

आधी वाटलं, भक्तिभावाने ऐकायचं. पण जवळून ऐकणं ही मोठी घाण गोष्ट आहे. लांबून जो गळा मधासारखा वाटतो त्याच्यात जवळ गेलं की थुंकी असते. ओठ उघडताना चिकटून सुटतात त्याचा आवाज, जीभ टाळूवरून निघते तो, गिळण्याचा, नाकातून बारीक शीळ वाजते तिचा. गायक "प्रिये" म्हणायच्या आधी त्याच्या तोंडात काहीतरी बुडबुड फुटतं, हे एकदा ऐकल्यावर भोंगाला पुन्हा ते न ऐकणं जमेना. जेवताना कुणी मचमच करतं तसं. तिने चिमणीला ऐकवलं, तर चिमणीने हेडफोन फेकूनच दिले आणि तू माझं आवडतं गाणं नासवलंस म्हणून दिवसभर अबोला धरला.

भोंगाने नाक मुठीत धरून काम चालू ठेवलं. आणि तिला एक खटकलं. अख्खं गाणं मोठ्या दालनात गायल्यासारखं होतं. शेपटी लांब, गुळगुळीत. हुंदक्यालाही ती शेपटी होती, पण तिच्या आत आणखी एक छोटी, बोथट शेपटी होती. जणू कुणी आधी कपाटात बसून रडलं होतं आणि मग ते कपाटच दालनात आणून ठेवलं होतं. शिवाय हुंदक्यात थुंकी नव्हती. ज्या माणसाच्या प्रत्येक शब्दात बुडबुडा, त्याच्या रडण्यात तो नाही? तिने हे मनात टिपलं आणि पुढे काय करावं ते तिला सुचेना.

सुचलं दाताच्या डॉक्टरकडे. आईची दाढ दुखत होती, म्हणून दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. औषधाचा उग्र वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आतून गुणगुणणारं यंत्र. कोपऱ्यातल्या टीव्हीवर आयुर्विम्याची जाहिरात लागली. एक म्हातारा रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा आहे. संगीत थांबतं. म्हाताऱ्याला हुंदका येतो.

भोंगाच्या अंगावर पाल पडावी तसं झालं. घासात केस लागावा आणि तो ओढता ओढता लांबतच जावा, तशी ती बसल्या जागी आक्रसली. तो हुंदका तिला पाठ होता. आधी तुटका श्वास, मग अडकणं, मग शेवटी अगदी बारीक "ह्". म्हाताऱ्याचा तो नव्हताच.

आईने विचारलं, तुझीही दाढ दुखायला लागली की काय.

घरी आल्यावर तिने जाहिरात शोधून काढली आणि काकाने शिकवलेली एक युक्ती केली. दोन आवाज घ्यायचे, एकाची लाट सरळ ठेवायची, दुसऱ्याची उलटी करायची, आणि नेमके एकावर एक बसवून वाजवायचे. वेगळे असतील तर नुसता कलकलाट होतो. पण एकाच आवाजाच्या दोन नकला असतील तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि काही उरत नाही. कितीही मोठा कलाकार असो, त्याला एकच हुंदका दोनदा तंतोतंत सारखा देता येत नाही. तिने दोन्ही एकमेकांवर बसवले, एका केसाचं अंतर मागेपुढे केलं, आणि हुंदका नाहीसा झाला. मुंगी चालल्याएवढी सळसळ राहिली.

म्हणजे दवाखान्यातून थेट माइकसमोर आलेला तो माणूस भर सभेत खोटं बोलला होता. तेही बापाच्या मरणावरून. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसला होता. चिमणी रडली होती. भोंगा स्वतः लाजली होती. कुणाची तरी वापरलेली च्युइंगगम आपण प्रसाद म्हणून चघळली असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती जिन्याच्या पायऱ्या एकेक गाळत काकाकडे गेली. तिच्या मनात एकच होतं, गायकाने काकालाही फसवलं असणार. काका चहा पीत होता. चहावर साय जमली होती आणि तो ती बोटाने बाजूला करून पीत होता. तिने दम न खाता सगळं सांगितलं. छोटी शेपटी, थुंकी, विमा, शून्य.

काकाने कप ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. खऱ्याखुऱ्या. म्हणाला, इतकी वर्षं झाली, एवढे संगीतकार या खुर्चीत बसून गेले, एकाच्याही बापाला कळलं नाही. आणि बाप म्हटल्यावर त्यालाच हसू फुटलं. गायकाचे वडील, म्हणाला, ठणठणीत आहेत. मागच्या महिन्यात मुलाबरोबर आले होते आणि डब्यातली सगळी बिस्किटं संपवून गेले. दवाखान्याची गोष्ट गायकाने स्वतःच रचली, पण छान रचली, लोकांना आवडते. गायकाला रडता येईना म्हणून तर काकाने हा हुंदका चिकटवला. जिथे जिथे कुणाला रडता आलं नाही तिथे तिथे चिकटवला. विमा झाला, दोन नाटकं झाली, एका पुढाऱ्याच्या श्रद्धांजलीतही आहे.

"पण कान पास झाला हो, भोंगाबाई," तो म्हणाला. "आता शेवटचा प्रश्न. हुंदका कुणाचा?"

 मग त्यानेच हुंदका पडद्यावर घेतला आणि एक पट्टी हळूहळू वर सरकवायला लागला. हा मी खाली उतरवलाय, म्हणाला, पुरुषाच्या मापाचा केलाय. आता परत वर नेतो. हुंदका वाजत राहिला. पुरुषाचा जाडपणा गेला. बाईचा झाला. आणखी पातळ झाला, आखूड झाला. काकाने पट्टी सोडली, आणि खोलीत एक लहान मुलगी हुंदका देऊन "ह्" म्हणाली.

 मग काकाने मूळ रेकॉर्डिंगच लावलं, पहिल्यापासून. टूथपेस्टच्या दोन ओळी, बोबड्या. दाराची खटखट. "काका, दार." पुन्हा खटखट. मग तो प्रसिद्ध भोंगा.

खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. एवढ्या लोकांचे रुमाल भिजवले ते आपण. गाडीवाले आवाज वाढवतात तो आपल्यासाठी. चिमणीला सांगितलं तर ती जागच्या जागी कोसळेल. काकाही फुलला होता आणि स्क्रूड्रायव्हरची गोष्ट पुन्हा सुरू करत होता, पात्रांसकट. पण इतक्या दिवसांत तिच्या कानांना एक खोड लागली होती. समोर रडण्याचा एवढा गलका चालला असताना ते आपोआप मागे गेले आणि खोलीची फसफस ऐकायला लागले.

तिने हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा लावलं. आणि आणखी एकदा. गळा काढून काढून मुलगी दमते. तिचा आवाज बारीक होतो, लांब जातो. बहुतेक ती कोपऱ्यात सरकून खाली बसली असावी. आता नुसते हुंदके. आणि तिथे मागची फसफस हलकेच वर येते. थोडी थांबते. पुन्हा वर येते.

"काका, इथे मागचा आवाज का वाढतो?"

"गेन वाढवला की वाढणारच," काका म्हणाला, नेहमीसारखा, शिकवण्याच्या सुरात. "गाणारा माइकपासून लांब गेला की आपण गेन..."

आणि थांबला.

बटण काचेच्या अलीकडे होतं. दार काचेच्या पलीकडे. बटणावर बोटं असलेला माणूस स्क्रूड्रायव्हर शोधत नसतो.

 भोंगाच्या तोंडात आंबट पाणी आलं. अंधारात एक लेकरू हाका मारतंय, आणि हा काचेतून त्याच्याकडे बघत, खुर्ची पुढे ओढून, नीट ऐकू यावं म्हणून बटण फिरवतोय. एकदा फिरवून भागलं नाही तेव्हा पुन्हा. ती इतकी वर्षं या गोष्टीवर हसली होती, सगळ्यांच्या बरोबरीने.

काकाने आधी हसण्यावारी नेलं. दार खरोखरच अडकलं होतं, आईची शपथ. दिवाही खरंच गेला होता. त्यात त्याची काही चूक नाही. पण यंत्र चालूच होतं आणि आवाज असा काही यायला लागला, की त्याच्यासारख्या माणसाने काय करायचं? असं रडणं विकत मिळत नाही. मोठमोठ्या नट्यांना जमत नाही. तू सुखरूप होतीस, मी समोरच होतो, कितीसा वेळ लागला, आणि त्यातून काय काय झालं ते बघ जरा.

"तू मला बघत होतास?" भोंगाने विचारलं.

"म्हणून तर म्हणतो, काळजीचं काही नव्हतं."

हे त्याने अशा समजूतदार चेहऱ्याने सांगितलं की तिला तिथेच भडभडून आलं असतं. समोर कपात साय गोळा होऊन तरंगत होती. स्पंजच्या खाचांतली धूळ, हेडफोनच्या गाद्यांवरचं तेल, काकाच्या बोटाला लागलेला चहा, सगळं एकदम तिच्या अंगाला लागल्यासारखं वाटलं. तिने हेडफोन काढले तर कानाला सोललेल्या कातडीचा एक कपटा चिकटून आला. तो तिने झटकला, तर बोटाला चिकटला.

काकाला वाटलं पोरगी रुसली. त्याने मोठ्या मनाने तोड काढली. यापुढे हुंदका जिथे वापरू तिथे तुझं नाव घालू. आणि मग त्याचे डोळे चमकले. कल्पना सुचली की ते तसे चमकत, आणि आजवर भोंगाला तेच डोळे जगात सगळ्यात आवडत होते. तो म्हणाला की तो हुंदका आता जुना झाला, लोकांच्या कानात बसला, कधीतरी तुझ्यासारखं दुसरं कुणी पकडेल. आता तुझा आवाज भरलाय. आत जाऊन उभी राहा, मी दिवा घालवतो, बघू या निघतोय का तसा. आणि हो, वहिनीला यातलं काही बोलू नकोस. बायकांना यातलं कळत नाही.

भोंगाने दप्तर उचललं. जिना उतरताना रबराचा वास आला तेव्हा तिला तो चक्क स्वच्छ वाटला.

रविवारपर्यंत तिने काही सांगितलं नाही. सांगणं म्हणजे काय होतं ते तिला चांगलं कळत होतं. गावात दुसरा स्टुडिओ नव्हता. काका नाही तर टेबल नाही, खुर्ची नाही, काहीच नाही. आणि गप्प बसलं तर सगळंच होतं. तिने गप्प बसण्याचा प्रयत्नही करून पाहिला. चिमणीच्या घरी कुणीतरी ते गाणं लावलं. दुसरं कडवं जवळ आलं, वाद्यं थांबली, आणि भोंगा उठून मोरीत जाऊन खरोखरच ओकली. चिमणीच्या आईने तिला लिंबूपाणी दिलं आणि बाहेरचं खाऊ नका गं पोरींनो असं बजावलं. तोंडावर पाणी मारता मारता भोंगाला कळून चुकलं की हे आपल्याच्याने गिळवणार नाही.

रविवारी काका आला तो खूश होता. आईसाठी फुलदाणी आणली होती, बाबांसाठी गावभरच्या बातम्या. सगळे जेवायला बसले. आईने भात वाढला. बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि घसा साफ केला, म्हणजे आता मुद्द्याचं. पोरीचं नशीब की घरातच गुरू मिळाला, म्हणाले. मग परीक्षा संपली की लगेच जायला लागायचं, की आधी चार दिवस आराम? काका हसून म्हणाला, आराम कसला, तिला तर मी आजच नेतो.

भोंगाने हातातला घास ताटात ठेवला. तिने काकाकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं, आणि त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये फसफस कुठे वाढते, कितीदा वाढते, आणि ते बटण कुठल्या बाजूला आहे ते साध्या शब्दांत सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. काका मधेच म्हणाला की वहिनी, पोर आहे, काहीतरी ऐकून काहीतरी बडबडतेय. आईच्या हातातला भाताचा चमचा भांड्यावर तसाच राहिला. बाबांनी धाकट्या भावाला विचारलं, खरं आहे का हे. काका म्हणाला, खरं-खोटं काय त्यात, अरे, दार अडकलंच होतं. बाबांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी काका ताटातली चटणी बोटाने एका बाजूला सारत राहिला.

आईचा चेहरा भोंगाने असा कधी पाहिला नव्हता. घाण वास कुठून येतोय ते सापडल्यावर माणसाचं तोंड होतं तसा. त्या गोष्टीवर या घरात सगळ्यात मोठ्याने तीच हसत आली होती.

"आई, बाबा, ऐका," भोंगा म्हणाली. "मी काकाकडे शिकायला जाणार नाही. आवाजाचं काम मात्र सोडणार नाही. पुढे विज्ञान घेईन, मला फिजिक्स डोळ्यांसमोर नको असलं तरी घेईन, आणि मग दुसऱ्या शहरात जिथे हे रीतसर शिकवतात तिथे प्रवेशपरीक्षा देईन. वसतिगृहात राहावं लागलं तरी चालेल, उगाच डोळ्यांत पाणी आणू नका. आणि ते रेकॉर्डिंग काकाने आज पुसायचं, माझ्या डोळ्यांदेखत. जेवण उरकलं की आपण तिघंही त्याच्याबरोबर जातोय."